पण भरवशाचं काय?

…नाही, मला एक सांगा, मोटार आमच्या दारात उभी, तिच्या दारात बोट माझं चेमटलेलं, रविवारी फडकं घेऊन पुसणार मी, आणि लोक मला विचारतात, 'काय हो दिनानाथराव, गाडी घेताना तुम्हाला विचारलं तरी होतं का?' म्हणजे काय. विचारलं होतं. चांगलं दीड वर्ष बायको विचारत होती. मीच उत्तर देत नव्हतो ही गोष्ट वेगळी.

आता उत्तर का देत नव्हतो, तर तुम्हाला सांगतो, तो माझा स्वभाव नाही, तो माझा धंदा आहे. मी दिनानाथ गुप्ते, अंबरनाथला कारखान्यात तपासणी खात्यात. काम काय, तर समोर टेबलावर लोखंडाचे सुटे भाग येतात, एका हातात भाग घ्यायचा, दुसऱ्या हातात मापाचं गेज घ्यायचं, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक असला तरी परत. फोरमन विनवण्या करतो, 'गुप्तेसाहेब, एवढ्याशानं काय होतंय,' मी म्हणतो, बाकी सगळं ठीक आहे हो, पण भरवशाचं काय? सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी 'नाही' म्हणतो आणि त्याचा मला पगार मिळतो. अशी वीस वर्षं काढल्यावर माणूस घरी येऊन एकदम 'हो' म्हणायला लागेल का? मी छत्री घेताना दुकानात पाच वेळा उघडून मिटतो. खाट घेताना तिच्यावर झोपून बघितलं, दुकानदार म्हणाला, साहेब, आता उठा, दुकान बंद करायचंय. आमच्या आळीत तर पोरं मला बघून एकमेकांना विचारतात, 'पण भरवशाचं काय?' मला ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटतं. जातं.

आणि आमची ही. डॉक्टर कुमुदिनी गुप्ते. अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर तिचा दवाखाना. दोन खोल्या, पुढच्या खोलीत बाक, मागच्या खोलीत टेबल आणि पडदा. बाळंतपणातली डॉक्टर. तुम्हाला म्हणून सांगतो, इकडे बदलापूर गावापासून तिकडे निर्वासितांच्या कॅम्पापर्यंत कुठल्याही घरात बाई अडली की पहिलं नाव निघतं ते हिचं, आणि मग निघते ही. कशानं निघते? मिळेल त्यानं. आनंदा टांगेवाल्याच्या टांग्यानं, बैलगाडीनं, शाळामास्तरांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून… एकदा तर रुळांची तपासणी करायची ती ढकलगाडी असते बघा, तिच्यावर बसून गेली, मांडीवर बॅग आणि डोक्यावर मुकादमाची छत्री. मी स्टेशनवर उभा होतो. माझी बायको रुळांवरून गेली आणि मला म्हणाली, 'अहो, आमटी झाकून ठेवलीय.'

हसायचं तिथं हसा, पण पुढचं ऐका. त्रेपन्न सालच्या मार्गशीर्षात बदलापूर गावातून दुपारी निरोप आला, बाई अडलीय, लवकर या. ही आनंदाच्या टांग्यात बसली. वाटेत टांग्याचा आस मोडला. आनंदाचा काही दोष नाही, बिचारा रडायला आला होता. ही उरलेली वाट चालत गेली, चालत म्हणजे जवळजवळ पळत, बॅग घेऊन. पोचली तेव्हा बाई वाचली, बाळ गेलेलं होतं. घरी आली, हातपाय धुतले, पानावर बसली आणि घास तसाच हातात. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'अर्धा तास आधी पोचले असते तर रडलं असतं ते.' आणि मग ताट सारून म्हणाली, 'मला मोटार पाहिजे.'

मी लगेच म्हटलं, घेऊ. खरंच म्हटलं, लगेच. तोंडातून निघून गेलं. आणि मग दुसरं वाक्य निघालं… तुम्हाला माहीतच आहे दुसरं वाक्य.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी लागलो कामाला. वही केली. वहीत प्रश्न काढले, सत्त्याऐंशी. परदेशी गाडी घ्यावी तर सुटा भाग बोटीनं येणार, बोट उशिरा आली तर काय? इथंच जोडलेली घ्यावी तर आत्ता कुठं जोडायला लागलेत, जोडणाऱ्याचा हात बसलाय की नाही कुणी बघितलंय? जुनी घ्यावी तर आधीच्या मालकानं का विकली? नवी घ्यावी तर आधी कुणी चालवलेलीच नाही, मग कुणाला विचारायचं? ज्याच्याकडं गाडी आहे त्याला गाठायचो. आणि तुम्हाला सांगतो, गाडीवाल्या माणसाइतका खोटारडा माणूस नाही. घामाघूम होऊन रस्त्यात गाडी ढकलत असतो आणि म्हणतो, 'छे छे, कधीच त्रास नाही.'

मग मुंबईला गेलो, दुकानात, हिला घेऊन. तिथं हेमचंद्र म्हणून एक विक्रेता, पांढरी पाटलोण, केसाला तेल, बोलणं असं की लोण्यातून सुरी. एका छोट्या नव्या गाडीपाशी घेऊन गेला. करड्या रंगाची, दोन दारांची. म्हणाला, 'साहेब, हँडल फिरवायची कटकट गेली. बटण दाबलं की इंजिन सुरू. सगळं विजेवर.'

मी म्हटलं, 'वीज कुठून येते?'

'बॅटरीतून.'

'बॅटरीत कुठून येते?'

'गाडी चालली की बॅटरी भरते, साहेब.'

'आणि गाडी कशानं चालू होते?'

'बॅटरीनं.'

'म्हणजे गाडी बॅटरीच्या भरवशावर आणि बॅटरी गाडीच्या भरवशावर. दोघींनी एकमेकींकडं बोट दाखवलं तर आम्ही काय करायचं?'

त्यानं डिकी उघडून दाखवली. म्हणाला, 'बॅटरी बसलीच तर हँडलही देतो ना आम्ही.' म्हटलं, हँडल हरवलं तर? म्हणाला, मग ढकलायची, दोन माणसं पुरतात. म्हटलं, दोन माणसं नसली तर? तेव्हा त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाला, 'साहेब, आपण ही गाडी नेमकी कुठं नेणार आहात?'

म्हटलं, 'चिखलोलीच्या माळावर.'

'तिथं रस्ता आहे?'

'नाही.'

'मग तिथं गाडी नेऊन…'

तेव्हा कुमुदिनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, 'तिथं बायका आहेत.' एवढंच. हेमचंद्रानं रुमाल परत खिशात ठेवला. मी तोवर गाडीखाली गेलो होतो. नवी पाटलोण घालून पाठीवर पडलो होतो आणि पात्याचं गेज घेऊन फटी मोजत होतो. दोन फटी मला पसंत पडल्या नाहीत. गाडी रिजेक्ट.

अशा किती रिजेक्ट केल्या म्हणता? सात. दीड वर्षात सात. आणि ही? ही दर वेळी नुसतं 'बरं' म्हणायची. तुम्हाला सांगतो, बायको भांडते तोपर्यंत काळजी नसते, 'बरं' म्हणायला लागली की समजावं, तिचं ठरलेलं आहे.

कारण झालं होतं काय, ती मंगळवार-शुक्रवार दुपारी कॅम्पात जायची. मला वाटायचं पेशंट बघायला. कॅम्पात, रेल्वेच्या फाटकाच्या पलीकडं, लष्करानं सोडून दिलेल्या एका बराकीत जेठानंद म्हणून सिंधी मिस्त्री होता, त्याचा गाड्या दुरुस्त करायचा कारखाना. तिकडं सिंधमध्ये, सक्खरला त्याच्या स्वतःच्या तीन लॉऱ्या होत्या म्हणे, फाळणीत सगळं गेलं, इथं एक पान्यांची पेटी घेऊन उतरला. त्याच्या सुनेचं बाळंतपण हिनं केलेलं. तर तो हिला मोटार शिकवत होता. कॅम्पाच्या मैदानात, एका जुन्या जीपवर. सगळ्या कॅम्पाला माहीत, अंबरनाथला माहीत, आनंदा टांगेवाल्याला माहीत, मला नाही. मी आपला वहीत प्रश्न क्रमांक अठ्ठ्याऐंशी लिहीत होतो, की चालवणार कोण.

पंचावन्नच्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, मी कारखान्यातून परत येतो तर आळीच्या तोंडाशी गर्दी. मधोमध तीच करडी गाडी, दोन दारांची. आत चाकामागं आमची ही, पदर खोचलेला, नाकावर धूळ, शेजारी जेठानंद हाताची घडी घालून. मुंबईपासून चालवत आणली होती. स्वतः. स्वतःच्या कमाईतून घेऊन. माझ्या छातीत काय झालं म्हणून सांगू… अशी भरून आली, असं वाटलं सगळ्या आळीला ओरडून सांगावं, ही माझी बायको आहे, ही. तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं?

'पण भरवशाचं काय?'

अख्खी आळी हसली. शेजारचे चिंतामणीकाका, सत्तर वर्षांचे, तेसुद्धा हसले, त्यांना दात नाहीत. ही खाली उतरली, चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि हळूच म्हणाली, 'तुमच्याशी लग्न करताना मी काय तपासलं होतं?' आणि गेली आत, चहा टाकायला.

आता मी काही गप्प बसणारा नव्हे. वहीचं दुसरं पान उघडलं, 'दोष'. दोष पहिला, हॉर्न दाबला की वाजतो आणि सोडला तरी वाजतो. दुसरा, डावं दार आतून उघडत नाही, म्हणजे मी बसतो ते. तिसरा, एका सकाळी बटण दाबल्यावर नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज. जेवताना मी वाचून दाखवायचो. ही म्हणायची, 'अहो, दोष मोजता तशा फेऱ्या मोजा की. पंधरा दिवसांत एकोणीस फेऱ्या झाल्या. एकदा अडली.' मी म्हटलं, एकोणिसात एक, आमच्या खात्यात हे रिजेक्ट. म्हणाली, 'आणि तुमची सायकल? पंधरा दिवसांत तीनदा पंक्चर.' मी म्हटलं, सायकलवर माझा भरवसा कधी होता? तर म्हणाली, 'तरी रोज जाताच ना तिच्यावरून.'

जेठानंदाकडं तक्रार घेऊन गेलो. म्हटलं, मिस्त्री, नवी कोरी गाडी आणि अकरा दोष. तो एका गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, वर पत्र्याकडं बोट दाखवलं. म्हणाला, 'साईं, वो देखो, ये बारक पावसात सात जगह गळते. सक्खरला आमचा पक्का मकान था, एक बूंद नहीं गळत होता. लेकिन आज रहते कशात हैं? बारक में. जो साथ देता है ना साईं, तो थोडा गळणारच.' मी वही काढली आणि तशीच परत खिशात घातली. हा प्रश्न वहीत बसत नव्हता.

आता मुख्य गोष्ट. वैशाखातला रविवार, सकाळचे दहा वाजले असतील, ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. मी बॉनेट उघडून बसलो होतो. रविवारी मी बॅटरी तपासतो. दोन्ही टोकांच्या पट्ट्या सोडवायच्या, पांढरी भुकटी जमलेली असते ती पुसायची, व्हॅसलिन लावायचं, पट्ट्या परत घट्ट बसवायच्या. एक बसवून झाली, दुसरी जागेवर ठेवली, नट हातानं फिरवला, पाना घेणार एवढ्यात चिखलोलीचा महिपती धावत आला. शेतकरी गडी, अंगात नुसती बंडी, धापा टाकतोय. 'बाय, आमची गोदू… दोन दिस झालं, सुटका नाय.'

ही बॅग घेऊन बाहेरच आली. म्हणाली, 'अहो, चला.'

'मी? मी येऊन काय करू?'

'ढकलायला कुणीतरी लागेल.'

चेष्टेत म्हणाली. मी बॉनेट खाली घेतलं, पाना खिशात टाकला, पाण्याचा डबा, हँडल, दोरी, सगळं घेऊन बसलो, महिपती मागं. गाडी बटणासरशी सुरू झाली. माळावरून अशी गेली, दगड, खड्डे, बैलगाडीच्या चाकोऱ्या, माझं डोकं तीनदा छताला लागलं, आणि ही दोन्ही हात चाकावर ठेवून, ओठ मिटून… तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात लेथवर बसणारे जुने कारागीर आहेत ना, तसा चेहरा. माझं लक्ष रस्त्याकडं नव्हतंच.

चिखलोलीत पोचलो. ही आत गेली, मी बाहेर. दहा मिनिटांत बाहेर आली, महिपतीला म्हणाली, 'बाळ आडवं आहे. इथं व्हायचं नाही. कल्याणला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, ऑपरेशन करावं लागेल. आत्ता.' महिपती हो म्हणायच्या आत दारात त्याची आई उभी राहिली. विठाबाई. नखशिखान्त काटक, दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावून. म्हणाली, 'नाय. माजी सून या डब्यात नाय घालायची. वाटंत बंद पडला म्हंजी? त्यापरीस बैलगाडी बरी. बैल बसला तरी शेपूट पिळली का उठतो.'

ही म्हणाली, 'विठाबाई, बैलगाडीला तीन तास लागतील. तिला तीन तास नाहीत.'

म्हातारी हलेना. मग तिची नजर माझ्याकडं वळली. म्हणाली, 'सायेब, तुमी कारखान्यात खरं-खोटं बगता नं? आमच्या गावचं लोक जातात तिकडं कामाला, ते सांगतात, तुमी व्हय म्हनलं नाय तं लोखंडाचा तुकडा भायेर जात नाय. तुमी सांगा. ही मोटार भरवशाची हाय का?'

बघा. वीस वर्षं हा प्रश्न मी जगाला विचारत आलो, आणि पहिल्यांदा तो कुणीतरी मला विचारला. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय. खिशात वही, वहीत अकरा दोष, माझ्याच अक्षरात, तारखेसकट. मी कुमुदिनीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती परत आत जाऊन गोदूच्या कपाळावरचा घाम पुसत होती आणि तिला काहीतरी सांगत होती, अगदी हळू. मला त्या क्षणी बदलापूर गावची ती दुपार आठवली, तिच्या हातातला तो घास आठवला.

मी म्हटलं, 'आहे. भरवशाची आहे.'

आयुष्यात वहीत दोष असताना पास केलेली पहिली वस्तू. आणि खरं सांगू का, गाडीचं मला तेव्हाही माहीत नव्हतं. चालवणारीचं माहीत होतं.

विठाबाईनं हात खाली घेतले. मागच्या बाकावर विठाबाई, तिच्या मांडीवर गोदूचं डोकं, पुढं एका जागेवर मी आणि महिपती, अर्धा तो दाराला चिकटलेला, अर्धा मी गिअरच्या दांड्याला. निघालो. गोदू कण्हत होती, मध्येच गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की ही आरशात बघायची आणि म्हणायची, 'गोदू, ऐकतेस ना? हूं म्हण.' मागून 'हूं' आलं की गाडीचा वेग वाढायचा. अंबरनाथ आलं, आणि फाटक बंद.

मालगाडी. नेहमी मालगाडीचे डबे मोजणं हा माझा आवडता उद्योग, त्या दिवशी एकेक डबा छातीवरून गेला. इंजिन तापलं होतं म्हणून हिनं ते बंद केलं. अठ्ठेचाळीस डबे गेले. फाटक उघडलं. हिनं बटण दाबलं.

काही नाही.

खाकरणंसुद्धा नाही. परत दाबलं. काही नाही. हॉर्न दाबला, जो सोडल्यावरही वाजायचा तो दाबूनही वाजेना. मागून विठाबाईचा आवाज, अगदी शांत, 'भरवशाच्या म्हशीला टोणगा.' हिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली उतरलो, म्हणजे आधी महिपतीनं खिडकीतून हात काढून दार उघडलं, कारण ते बाहेरूनच उघडतं, तो उतरला, मग मी. हँडल घातलं, फिरवलं. एकदा, दोनदा, नऊ वेळा. नवव्या वेळी हात पिरगळला, मनगटात कळ गेली, डोळ्यांपुढं काजवे. हँडल टाकलं आणि मागं जाऊन खांदा लावला. महिपतीनं लावला. फाटकवाला हातातला हिरवा बावटा काखेत घालून आला, म्हणाला, लवकर, दुसरी गाडी सुटलीय. रुळांच्या खाचेत चाक अडकलं. आत गोदू कण्हायची थांबली होती. ही म्हणत होती, 'गोदू, हूं म्हण. गोदू.' आणि मला आतून ते 'हूं' ऐकू येईना.

पलीकडं कॅम्पाच्या बराकींपुढं सिंधी बायका खाटांवर पापड वाळत घालत होत्या. एकीनं बघितलं, चाकामागं डॉक्टरीण आहे, आणि ओरडून दुसरीला काहीतरी सांगितलं. चौघीजणी तशाच धावत आल्या, पिठाच्या हातांनी, मला बाजूला सारलं, हो, सरळ बाजूला सारलं, आणि लावला जोर. गाडी रुळांवरून पलीकडं. गेली ती थेट जेठानंदाच्या दारात.

जेठानंद बाहेर आला, काही विचारलं नाही, बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि मान वर केली. 'साईं, ये नट किसने ढीला छोडा?'

माझा हात आपोआप खिशात गेला. खिशातला पाना मांडीला टोचत होता. जेठानंदानं दोन फेऱ्यांत नट आवळला. हिनं बटण दाबलं आणि इंजिन असं सुरू झालं, जसं काही झालंच नव्हतं. मागून अगदी बारीक आवाज आला… 'हूं.'

कल्याणला पोचलो. पुढचा एक तास मी आणि महिपती बाकावर. तो जमिनीकडं बघत होता, मी माझ्या हाताकडं, तो सुजून पावासारखा झाला होता. विठाबाई भिंतीला टेकून उभी, बस म्हटलं तरी बसेना. मग आतून आवाज आला. रडण्याचा. असा खणखणीत, की मी आजवर कानांनी पास केलेली ती एकच वस्तू. मुलगी. मुलगी ठीक, गोदू ठीक. महिपतीनं माझा सुजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि दाबला. मी ओरडलो. त्याला वाटलं आनंदानं.

ही बाहेर आली, थकलेली, कपाळावर केस चिकटलेले. पहिलं काय म्हणाली असेल? 'हाताला काय झालं?' आणि तिथंच बाकावर बसून माझ्या मनगटाला पट्टी बांधायला लागली. मी म्हटलं, 'कुमुद, तो नट… तो माझा.'

'माहीत आहे.'

'कधीपासून?'

'मिस्त्रींच्या दारापासून. त्यांनी नटाचं विचारलं आणि तुम्ही खिशातला पाना चाचपलात.'

'मग बोलली का नाहीस?'

'तुम्ही ढकलत होतात ना,' म्हणाली, आणि गाठ मारली.

तेव्हा मी बाहेर येऊन उभा राहिलो, गाडीपाशी. मागच्या पत्र्यावर पिठाचे पंजे उमटले होते, चार बायकांचे आठ, स्वच्छ, पाची बोटं दिसणारे. मी कारखान्यात हजारो भागांवर तपासणीचा शिक्का मारलाय. असा शिक्का मी कधी बघितला नव्हता. चार दिवस पुसले नाहीत ते. पाचव्या दिवशी हिनंच पुसले, म्हणाली, मुंग्या लागल्यात.

आता तुम्हाला खरं सांगतो, गाडी अजूनही अडते. परवा बदलापूर गावाच्या उतारावर अडली. डाव्या दाराचं अजून तसंच आहे. पण हल्ली लोक गाडी घ्यायची असली की माझ्याकडं येतात, मुद्दाम येतात, आणि मी हातातलं काम टाकून बाहेर येतो, खुर्ची देतो, तर विचारतात, 'डॉक्टरीणबाई आहेत का? त्यांना विचारायचं होतं, कुठली गाडी बरी.' मी म्हणतो, पेशंट बघतायत, बसा. आणि बसल्याबसल्या मीच त्यांना सांगतो, चैत्रापासून आषाढापर्यंत किती फेऱ्या झाल्या, किती बाळं झाली, कुठल्या माळावर कुठला दगड चुकवून ती कशी नेते. दोन दोन तास सांगतो. लोक उठून जातात, पण ऐकून जातात.

त्या मुलीचं बारसं झालं, उमा नाव ठेवलं. महिपती स्वतः आमंत्रण द्यायला आला होता, नारळ घेऊन, म्हणाला, 'सायेब, तुमी पन यायचं हां, बाईंच्या मोटारीतनं.' मी परीटघडीचे कपडे काढले, टोपी घातली, बरोबर वेळेवर गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. मागच्या बाकावर आधीच दोन अवघडलेल्या बायका, तपासून घरी सोडायच्या होत्या. पुढं बॅग, आणि बॅगेवर पाळण्याला बांधायची खेळणी. कुमुदिनी म्हणाली, 'अहो, जागा नाही हो. तुम्ही या ना हळूहळू, पाय मोकळे होतील.'

मी चालत निघालो. अर्ध्या वाटेवर गेलो असेन, मागून हॉर्न वाजला, ओळखीचा, सोडला तरी वाजणारा. मी रस्त्याच्या कडेला सरून उभा राहिलो. गाडी आली आणि गेली, भरधाव. टोपीपासून चपलेपर्यंत मी धुळीनं माखलो. झटकली थोडी, बाकी राहू दिली आणि चालायला लागलो… काय करणार, आपल्याच घरची धूळ होती.